बेरजेला नऊ, वजाबाकीला एक

मार्चमध्ये समुद्र अजून रस्ता असतो.
हाइलुओटो बेटाकडे व्हॅन नेताना ताउनो पट्टा लावत नाही,
बर्फ फुटलाच तर दाराशी झटापट नको.
मागे चार अँटेना, जुन्या गोधडीत गुंडाळलेल्या,
आणि माझा कोड,
जो ओउलूत कधीच हरला नव्हता.

ओउलूत तो हरणार कसा?
तिथं भिंती आहेत, पूल आहेत, कागद गिरणीची धुरांडी आहेत.
सिग्नल शंभर ठिकाणी आपटतो,
वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळा मार खाऊन पोचतो.
एकीचा शब्द बुडाला तर दुसरीचा तरंगतो.
एक ‘अ’ म्हणते, दुसरी ‘ब’;
पुढच्या क्षणी अदलाबदल, आणि एकीनं उणे चिन्ह लावायचं.
एवढंच. सुंदर होतं.
अडथळ्यांच्या जिवावर उभं होतं
हे मी वाचलं होतं, कळलं नव्हतं.

इथं आडवं यायला कुणीच नाही.
मनोऱ्यावर दोघी शेजारी शेजारी,
खाली पांढरं, पांढरं,
आणि दोघींचा आवाज एकाच फटीतून निघाल्यासारखा
एकाच वाटेनं व्हॅनच्या टपापर्यंत.
उजळल्या तर दोघी, विझल्या तर दोघी.
कोड बदलून पाहिला, पहिले पाढे पंचावन्न.
सहसंबंध: शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
ताउनो म्हणाला, म्हणजे दोन भाडी भरून एकच भाडेकरू.

मुक्काम साइमी आणि विएनोकडे.
एक एक्क्याऐंशीची, दुसरी एकोणऐंशीची.
एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं री ओढायची;
सूप वाढतानाही दोघींचा हात मिठाकडे एकदम गेला.
वडील टेलिफोन खात्यात होते, भिंतीवर त्यांची टोपी.
ताउनोनं सहज विचारलं,
जुनी केबल कुठून जायची?
चर्चपासून धक्क्यापर्यंत, विएनो म्हणाली.
धक्क्यापर्यंत, साइमी म्हणाली.
मग चमचा खाली ठेवून, जरा हळू:
सरळ नाही.
पाइनपाशी वळवली होती त्यांनी,
हेल्वीच्या दारावरून.

घड्याळ ऐकू यायला लागलं.
विएनोनं ब्रेड कापला, जरुरीपेक्षा पातळ.
तिला ठाऊक होतं, दिसतच होतं,
फक्त हे वाक्य त्या घरात
कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

रात्री मी वही उघडली.
दोघींकडे दोघी म्हणून बघायचं सोडलं.
एक वाट दोघींच्या बेरजेची: रुंद, उबदार,
सगळी ताकद तिच्यातूनच धावते.
दुसरी वजाबाकीची:
इतकी बारीक की गोंगाटात सापडत नाही.
पण तिच्यावर जे येईल
ते बेरजेला माहीत नसलेलं असेल.

ताउनो सॉक्स वाळत घालत म्हणाला,
वजाबाकीला कशाला देतेस? वाया जाईल.
खरंय. हवा खराब असेल तर वाया जाईलच,
तेव्हा सगळं बेरजेच्याच पदरात टाकावं.
पण आकाश निवळलं, गोंगाट बसला
की त्या बारीक वाटेला थोडं घालावं लागतं.
किती, हाच तर सगळा प्रश्न.
मी ताकदीचे दहा वाटे केले.
बेरजेला नऊ.

सकाळी उणे एकोणीस, स्वच्छ.
पहिल्या किलोमीटरला चुका निम्म्या.
तिसऱ्याला त्याहून कमी,
ताउनोनं हॉर्न वाजवला, बर्फावर, कुणासाठीही नाही.
चौथ्याला मला वाटलं, जमलं.
पाचव्याला पुन्हा दोघी एकदम गेल्या.

परतताना तो पाइन दिसला.
तिथून एक घर दिसतं, पिवळं, खिडक्यांना फळ्या.
व्हॅन थांबवायचं काही कारण नव्हतं.
ताउनोनं वेग मात्र कमी केला.

निघताना विएनोनं डब्यात मासे बांधून दिले
आणि साइमी आत गेल्यावर मला म्हणाली,
दोनदा वळवली होती.

पाचव्या किलोमीटरसाठी
मी अजून काहीच लिहिलेलं नाही.